इस्लापूरची हवा

नातीची बदली किनवटला झाली तेव्हा आमच्या घरात सुतक पडल्यासारखे चेहरे झाले. बँकेची नोकरी, पगार चांगला, पण गाव किनवट. सून म्हणाली, "एवढ्या लांब, त्या जंगलात?" मुलगा कुणाकुणाला फोन लावत बसला. मी एकटीच म्हणाले, "जाऊ द्या की तिला. मी येते सोडायला." सगळ्यांना वाटलं, म्हातारीला फिरायची हौस सुटली. मी वाटू दिलं.

आता तिकडं मोठ्या रुळांवरून गाडी जाते. पूर्वीसारखं मुदखेडला उतरून दुसऱ्या गाडीची वाट बघत बसावं लागत नाही. भोकर गेलं, हिमायतनगर गेलं, आणि इस्लापूरच्या फलाटाला गाडी लागली तशी मी उठून उभी राहिले. पिशवी खांद्याला, पदर खोचलेला, पाय चपलेत. नात म्हणाली, "आजी, बस ना. किनवट अजून पुढं आहे." "माहीत आहे गं," म्हटलं आणि तशीच खिडकीला धरून उभी राहिले. दसरा होऊन गेला होता. गवत पिवळं पडायला लागलेलं, आणि कुठंतरी जवळच सीताफळं पिकलेली असावीत. ती हवा मी छाती भरून घेतली आणि मला रडूच फुटलं. नातीला वाटलं मला चक्कर आली. तिनं घाईघाईनं पाण्याची बाटली पुढं केली. आता तिला काय सांगायचं, की बाळ, ही तुझ्या पणजीची हवा आहे.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं होती, पण ती शेवटची आहेत हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? नाना, म्हणजे माझे वडील, नांदेडच्या शाळेत उर्दू आणि गणित शिकवायचे. आम्ही कापसाची सरकी काढायच्या जिनामागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि पार शिमग्यापर्यंत जिनाची घरघर थांबायची नाही. रुईची बारीक लव सगळ्या गल्लीत उडत असायची. घागरीतल्या पाण्यावर लव, दुधाच्या सायीवर लव, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या अंगावर लव. नाना शाळेत निघाले की दारात उभं राहून त्यांच्या काळ्या शेरवानीवरची लव झटकायची, हे माझं काम. मला ते फार आवडायचं. ती लव आईच्या छातीत जाते आहे हे मला कळत नव्हतं.

आईला दमा होता. भिंतीला वळकटी लावून ती तिला टेकून बसायची, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले. तिच्या छातीतून जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज यायचा. घरात अडुळशाच्या काढ्याचा वास, धोतऱ्याच्या वाळल्या पानांच्या धुराचा वास. हकीमसाहेबांनी दिलेलं काळं गोड चाटण फळीवर ठेवलेलं असायचं, त्यात बोट घालून मी चोरून चाटायची. बोलायला तिच्याजवळ श्वास उरायचा नाही. म्हणून ती थोडंच बोलायची, पण जे बोलायची ते बरोबर वर्मी लागायचं. दोनदा बिऱ्हाड बदललं. गल्ली बदलली, घरमालक बदलला, दमा काही बदलला नाही. शेवटी हकीमसाहेबांनी हात टेकले आणि नानांना म्हणाले, "मास्टरसाब, अब हवा बदलो."

सरकारी नोकरी सोडून मास्तर माणूस हवा बदलायला जाणार कुठं? पण तेव्हा सुट्टी जुम्म्याची असायची, म्हणजे शुक्रवारची, आणि नांदेडहून पहाटेची गाडी होती. महिन्यातून एखाद-दोन जुम्म्यांना आम्ही तिघं निघायचो. कधी भोकरच्या रानात, बहुतेक वेळा पार इस्लापूरला. संध्याकाळच्या गाडीनं परत. लोक हसायचे. देवदर्शन नाही, लग्नकार्य नाही, नुसतं चालायला म्हणून कुणी रेल्वेनं जातं का? शेजारच्या काकूंनी तर आईला विचारलंही, "तिकडं कुणी पाव्हणं हायेत का तुमचे?" आई म्हणाली, "हायेत की. झाडं हायेत."

आदल्या संध्याकाळी आई दशम्या करून ठेवायची. पीठ पाण्यात न भिजवता दुधात भिजवलं की ती भाकरी प्रवासात चालते, विटाळत नाही, असा आमच्याकडचा शास्त्रार्थ. दशम्यांवर शेंगांची चटणी, कैरीची फोड, आणि वर पळसाचं पान. ते उघडलं की जो वास यायचा तो मला अजून कुठल्या डब्यात सापडलेला नाही. स्टेशनवर दोन मोठे रांजण असायचे, एक हिंदू पानी, एक मुस्लिम पानी. "विहीर एकच हाय," असं नाना हळूच माझ्या कानात सांगायचे, आणि तरी हिंदू रांजणाचंच पाणी भरायचे.

आई आणि मी जनाना डब्यात, नाना पुरुषांच्या. दर स्टेशनाला नाना उतरून आमच्या खिडकीशी यायचे. आईशी सरळ बोलायचे नाहीत, माझ्याशी बोलायचे. "बबे, पाणी पायजे का?" म्हणजे आईला पाणी हवं का. "बबे, धूर लागतो का?" म्हणजे आईला त्रास होतो आहे का. मग आई माझ्याकडं बघून म्हणायची, "सांग, न्हाई लागत." मी ते नानांना सांगायची. दोघांच्यात हातभर अंतर नसायचं आणि मी त्यांचं तार ऑफिस चालवायची. चारचौघांत बायकोशी बोलणं, तिचं नाव घेणं, तिचा विषय काढणं हे नानांच्या लेखी असभ्यपणाच होता. निजामाच्या मोगलाईतल्या रीतीभाती त्यांनी अंगरख्यासारख्या अंगात घातल्या होत्या. कुणाला दुखवायचं नाही, कुणाकडं थेट मागायचं नाही, आणि घरातलं बाईमाणूस बैठकीत आणायचं नाही.

इस्लापूरला उतरलं की गाव मागं टाकून सहस्रकुंडाच्या वाटेला लागायचं. पहिला मैलभर आई मागं, नाना पुढं, मधे मी. तिच्या छातीतला आवाज मला मागून ऐकू यायचा. मग साग सुरू व्हायचे. सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडायची. हळूहळू मागचा आवाज कमी व्हायचा, आणि एक वेळ अशी यायची की तो आवाज बंद झालेला असायचा. कधी बंद झाला ते मला एकदाही पकडता आलं नाही. मी वळून बघायची तर आईचे खांदे खाली आलेले. थोड्या वेळानं ती माझ्या बरोबरीनं यायची, मग मला मागं टाकायची, आणि मग चक्क नानांच्या पुढं निघून जायची. नऊवारीचा काष्टा, हातात वाटेत मोडलेली निरगुडीची फांदी, आणि तोंडानं बडबड. होय, माझी आई बडबडी होती. हे नांदेडात कुणालाच ठाऊक नव्हतं.

फाल्गुनात पळस पेटलेला असायचा. चैत्रात मोहाची फुलं गळायची आणि सगळ्या रानाला गोड, आंबूस, डोकं जड करणारा वास यायचा. गोंड बाया पहाटेच ती फुलं वेचून गेलेल्या असायच्या, तरी झाडाखाली पाय टाकायला जागा नसायची. पावसाळ्यानंतर गवत माझ्या उंचीचं. कुठंतरी गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांचा ठकठक आवाज. एकदा एका म्हातारीनं आईला पळसाच्या द्रोणात टेंभुर्णीची पिवळी फळं दिली. आईनं ती तिथंच, वाटेवर उभ्या उभ्या खाल्ली. सोवळं-ओवळं काही नाही. नाना दुसरीकडं बघत होते. पण मी पाहिलं, ते हसत होते.

आणि आई गायची. भोंडल्याची, दळणाची, कशाचाही शेंडा कशालाही जोडून गायची. आवाज काही फार गोड नव्हता. पण एका दमात आख्खी ओळ म्हणायची, आणि ओळ संपल्यावर आमच्याकडं बघायची, बघा, उरला अजून! त्या बघण्यासाठी मी काय वाटेल ते दिलं असतं. पण आठ-नऊ वर्षांच्या पोरीजवळ असतं काय?

सहस्रकुंडाचं पाणी काळ्या खडकांवरून फुटून खाली पडायचं आणि पलीकडच्या काठापर्यंत तुषार उडायचे. पलीकडं वऱ्हाड, इंग्रजांचं राज्य. अलीकडं आम्ही, निजामाचे. एका जुम्म्याला तिथं खडकावर बसून दशम्या खाताना आईनं नानांना सरळ विचारलं. मला मधे न घेता.

"इकडं कुठं शाळा न्हाई का हो?"

"हाय की. किनवटला हाय."

"मग तिथं मास्तर लागत असतील."

नानांचा हात घासासकट थांबला. आईनं लग्न झाल्यापासून त्यांच्याकडं काही मागितलेलं नव्हतं. लुगडं नाही, डागिना नाही. ती म्हणाली, "तिथं मला जगता येईल. नांदेडात मी नुसती बसून ऱ्हायले."

किनवट म्हणजे तेव्हा नोकरदारांचं काळं पाणी. हिवतापाचं गाव, जनावरांचं रान. तिकडं बदली म्हणजे शिक्षा. म्हणजे मागणारा एकच आणि नको म्हणणारे सगळे. नाना म्हणाले, "मिळेल. न मिळायला काय झालं? मोहतमीमसाहेब आपल्याला मानतात." मोहतमीम म्हणजे जिल्ह्याच्या शाळांवरचे मोठे अधिकारी. हैदराबादचे खानदानी गृहस्थ. नानांचं उर्दू अक्षर त्यांना फार आवडायचं.

परतताना गाडीत आई मला म्हणाली, "तुझ्या नानांना सांग. रडल्याबिगर आई बी पाजत न्हाई. साहेबाला नीट सांगा म्हणावं, की बायकोला दमा हाय अन् तिकडची हवा मानवती." पुढच्या स्टेशनाला मी तो निरोप खिडकीतून पोचवला. नाना म्हणाले, "हाव, सांगतो."

ते साहेबांकडं गेले त्या दिवशी आईनं दुपारीच घर आवरायला घेतलं. माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. धाप लागत होती, तरी तिचा हात थांबत नव्हता. नाना आले ते संध्याकाळी, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांनी टोपी काढली, खुंटीला लावली, परत काढली, परत लावली. मग म्हणाले, "लातूर."

"लातूर काय?"

"लातूरला बदली झाली. दर्जा वाढवून."

आई ट्रंकेवरच बसली. नाना मग भिंतीकडं बघत सांगत गेले. साहेबांनी बसवून घेतलं, पान दिलं. नानांनी किनवटचं नाव काढलं तसे ते चमकले. "मास्टरसाब, किनवट? वहाँ तो हम लोगों को सजा में भेजते हैं. आप का कसूर क्या है?" नाना म्हणाले, "हुजूर, बस यूँ ही." साहेबांनी पुन्हा विचारलं, घरी काही अडचण? नाना म्हणाले, आपल्या मेहेरबानीनं सगळं ठीक आहे. तेव्हा साहेबांचे डोळे भरून आले. एवढा लायक माणूस, कधी काही मागितलं नाही, आणि आज मागतो तेही किनवट! ह्याला म्हणतात शराफत. म्हणाले, "हम आप के साथ ये जुल्म नहीं होने देंगे." आणि तिथल्या तिथं लातूरचा हुकूम काढला.

"तुम्ही सांगितलं न्हाई?" आईनं विचारलं.

"चार माणसं बसली होती गं. त्यांच्यापुढं घरातल्या माणसाचं नाव कसं काढू?"

"नाव कशाला काढायचं? दमा काढायचा."

नानांनी पेढ्यांचा पुडा देव्हाऱ्यापुढं ठेवला. त्यांच्यावर रागवायला जावं तर ते इतके दीनवाणे दिसत होते की राग धरवत नव्हता.

लातूरच्या बदलीसाठी लोक वर्षानुवर्षं खेटे घालायचे. मोठी पेठ, मोठी शाळा, चांगली वस्ती. गल्लीतली झाडून सगळी माणसं अभिनंदनाला आली. "मास्तर, नशीब काढलं!" "वहिनी, आता काय, लातूरकर!" आई चुलीपुढं बसून सगळ्यांना चहा करत होती. तिच्या छातीतला आवाज चहाच्या उकळीत मिसळत होता, म्हणून तो फक्त मला आणि नानांना ऐकू येत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते मी त्या दिवशी पाहिलं. लातूर म्हणजे कापूस, लातूर म्हणजे डाळी, लातूर म्हणजे अडतीतली उधळलेली माती. शेजारच्या काकू गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "आगीतून फुफाट्यात."

दुसऱ्या दिवशी नाना पुन्हा साहेबांकडं गेले. आज सरळ सांगून टाकतो, असं आईला म्हणून गेले. साहेबांनी दारातच मिठी मारली आणि म्हणाले, "शुक्रिया मत कीजिए, ये तो हमारा फर्ज था." नाना दोनदा आभार मानून परत आले.

लातूरला आम्ही भाड्यानं घेतलेल्या घराच्या एका बाजूला डाळीची अडत होती, आणि जिनाचा भोंगा इथंही होताच. नानांनी हार मानली नाही. लातूरहून छोट्या रुळांची एक गाडी निघायची, अगदी खेळण्यातली वाटावी अशी. जुम्म्याला आम्ही तिनं जायला लागलो. मुरूडच्या अलीकडं-पलीकडं कुठंही उतरायचं. काळं सपाट रान, ज्वारी, तूर, आणि नजर जाईल तिथवर आडोसा नाही. बैलगाडी गेली की धुळीचा लोट उठायचा आणि कितीतरी वेळ खाली बसायचा नाही. आई चालायची. नाना थांबून मागं बघायचे, मला विचारायचे, "बबे, बरं वाटतं का?" आई पदर तोंडाला लावून म्हणायची, "सांग, छान हाय. मोकळं हाय." मी सांगायची. आम्हा तिघांनाही ठाऊक होतं की ते खोटं आहे, आणि तिघंही चालत राहायचो. परतताना नाना इतके आनंदी असायचे की बघवायचं नाही.

ती गेली ते हिवाळ्यात, कापसाच्या भरात. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

इस्लापूरहून गाडी हलली. नातीनं मला हाताला धरून बसवलं. म्हणाली, "आजी, तू काळजी करू नकोस. मी काय इथं राहणार नाही. वर्षभरात अर्ज करते बदलीचा." मी म्हटलं, "कर. पण जे असेल ते सरळ सांग. लाजू नकोस." ती हसली. तिच्या पिढीला सरळ सांगता येतं, ह्याचा मला फार हेवा वाटतो. बाहेर साग पळत होते. किनवट आलं तेव्हा ऊन उतरलं होतं. तिनं मोबाइलवर घराचा पत्ता शोधला, आणि मी स्टेशनबाहेर उभी राहून त्या गावाकडं बघत राहिले, जिथं माझी आई म्हातारी होऊ शकली असती.

आई गेल्यावर वर्षभरात निजामाचं राज्य गेलं. जुम्म्याची सुट्टी जाऊन रविवारची आली. शेरवान्या पेट्यांत गेल्या, शाळेतलं उर्दू गेलं. नाना मराठी शिकवायला लागले. रविवारी मात्र ते मला घेऊन त्या छोट्या गाडीनं जायचेच. आता उतरून चालायचे नाहीत. शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचे आणि त्याच गाडीनं परत यायचे.

आणि बोलायचे. ज्या माणसानं जन्मात चारचौघांत बायकोचा विषय काढला नाही, तो माणूस गाडीत शेजारी कोण बसलंय हेही न बघता बोलायला लागायचा. एका रविवारी वांग्यांची पाटी घेऊन एक शेतकरी शेजारी बसला. पाटी पायांत नीट ठेवून त्यानं रीतीप्रमाणं विचारलं, "कुणीकडं मास्तर?" नाना म्हणाले, "माझी बायको, यमुना. तिला दमा होता हो." तो माणूस जरा बावरला, पण भला होता, ऐकत राहिला. नानांनी त्याला सगळं सांगितलं. इस्लापूरला उतरलं की तिचा श्वास कसा मोकळा व्हायचा, ती कशी पुढं पुढं चालायची, एका दमात आख्खी ओळ कशी म्हणायची. "तिकडची हवा मानवायची तिला," असं दोनदा म्हणाले.

त्या माणसानं जरा विचार केला. मग अगदी मनापासून म्हणाला, "मंग तिकडंच ऱ्हायाचं की मास्तर. बदली मागायची. असं आजारपण सांगितलं तर कोन न्हाई म्हनल?"

"हाव," नाना म्हणाले. "कुणी न्हाई म्हणलं नसतं."

मुरूडला तो पाटी डोक्यावर घेऊन उतरला. त्याच्या जागी दुसरा एक माणूस आला. नानांनी सरकून त्याला बसायला जागा करून दिली, त्याला नीट बसू दिलं, आणि म्हणाले, "माझी बायको, यमुना. तिला दमा होता हो."